करण्यात यावे

आमच्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर एक कापडी पिशवी आहे. तिच्यात एकोणीस वह्या आहेत. दर दिवाळीच्या आवराआवरीत बायको ती पिशवी खाली काढते, धूळ झटकते आणि विचारते, ‘ह्या आता रद्दीत द्यायच्या का?’ मी म्हणतो, राहू दे. ती म्हणते, तुमच्याशिवाय कुणाला वाचता तरी येतात का? तेही खरंच. लघुलेखनाच्या वह्या आहेत त्या. रेघोट्या, टिंबं, मोडक्या वेलांट्या. नातू त्यांना ‘आजोबांच्या मुंग्या’ म्हणतो.

मी स्टेनो होतो. १९८६ साली नागपुरात लघुटंकलेखक म्हणून लागलो, मिनिटाला ८० शब्द. पुढे परीक्षा देऊन १०० झाले, म्हणजे निम्नश्रेणी. मग १२०, उच्चश्रेणी. २०२१ मध्ये अठ्ठावन्न पूर्ण झाले तेव्हा निरोप समारंभात सगळे मास्क लावून होते. शाल कुणी पांघरली तेही मला नीट कळलं नाही. पस्तीस वर्षांत अकरा साहेबांची डिक्टेशनं घेतली. त्यातल्या एका साहेबांच्या हाताखाली तीनदा काम पडलं. हे त्यांच्याबद्दल. नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडायचं नाही, आणि नागपुरात नाव लिहिलं की लोक मजकूर वाचत नाहीत, नातं शोधतात.

आधी थोडं भाषेबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

लघुलेखनात जे शब्द नेहमी जोडीनं येतात त्यांची मिळून एकच खूण करतात. हात न उचलता, एका झटक्यात. ‘सादर करण्यात येत आहे’, ‘कार्यवाही करण्यात यावी’, ‘निदर्शनास आणून देण्यात येते’. ह्या खुणा माझी बोटं आजही झोपेत काढतील. ‘मी’ची खूण मात्र क्लासात शिकलो आणि ऑफिसात विसरलो, कारण ती लागतच नव्हती. सरकारी मराठीत कामं होतात, कुणी करत नाही. पाहणी करण्यात येते. निर्णय घेण्यात येतो. चूक ‘नजरचुकीने’ होते, म्हणजे चूक माणसाची नाही, नजरेची. फाईल प्रलंबित राहते, जशी काही तिचीच मर्जी. शाळेत मास्तर वाक्य देऊन कर्ता शोधायला लावायचे. त्यांनी एखादी टिप्पणी घेऊन बसावं.

ह्याला कारण नाही असं नाही. खुर्ची माणसाची नसते, उद्या तिच्यावर दुसरा बसणार, तेव्हा आदेश खुर्चीचा असावा, हे बरोबरच आहे. पण कारण एक असतं आणि उपयोग दुसरा. लिपिक टिप्पणी मांडतो, अव्वल कारकून त्यावर ‘मान्यतेस्तव सादर’ लिहितो, नायब तहसीलदार लघुसही करतो, तहसीलदार ‘सहमत’ म्हणतो, आणि फाईल वर पोचते तेव्हा मोठ्या साहेबांना हिरव्या शाईत दोनच शब्द लिहायचे उरतात: ‘प्रस्तावित केल्याप्रमाणे’. साहेब जितका मोठा, तितकं वाक्य लहान. आणि ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ ह्या वाक्याला तर माझ्या मते शासनानं पुरस्कारच द्यायला हवा. त्यात सगळी जबाबदारी नियमावर जाते, आणि नियमाला कुणी निलंबित करू शकत नाही.

साहेबांची माझी पहिली गाठ १९९१ ची. तेव्हा ते एसडीओ, म्हणजे उपविभागीय अधिकारी होते. पुण्याकडे ह्या पदाला प्रांत म्हणतात, आमच्या विदर्भात एसडीओच, जसा तलाठ्याला पटवारी. वडील झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, प्राथमिक शिक्षक. लोकसेवा आयोगातून थेट उपजिल्हाधिकारी झालेले, वय चौतीसच्या आसपास, आवाज खालचा. डिक्टेशन सुरू करायची त्यांची एकच पद्धत होती: ‘घ्या, बाबू.’

३० जुलै १९९१ ला वर्धा नदीचं पाणी नरखेड तालुक्यातल्या मोवाड गावात शिरलं. दोनशेहून अधिक माणसं गेली. आसपासच्या उपविभागांतून माणसं आणि गाड्या तिकडे पाठवल्या गेल्या, त्यात आम्हीही होतो. तिथं काय पाहिलं ते मी घरीही सांगितलेलं नाही, इथंही सांगत नाही. फक्त एक सांगतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जीपच्या बॉनेटवर वही ठेवून उभा होतो. गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला. साहेब म्हणाले, ‘घ्या, बाबू. मी आज सकाळी साडेसात वाजता नदीकडच्या बाजूनं गावात गेलो.’

माझं पेन थांबलं. मी विचारलं, ‘साहेब, मी असंच घेऊ?’

‘मग कोण गेलं होतं?’

‘म्हणजे... पाहणी करण्यात आली, असं घेतात.’

ते थोडा वेळ नदीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘उद्या कुणी विचारलं की पाहणी कुणी केली, तर उभं राहायला एक माणूस पाहिजे ना? घ्या. मी गेलो. मी पाहिलं. मला जे दिसलं नाही ते मी लिहीत नाही.’

त्या अहवालाची लघुलेखनाची वही ही एकोणिसातली पहिली. पान अजून थोडं मातकट आहे. ‘मी’ची खूण मला आठवेना, म्हणून तो शब्द मी सरळ देवनागरीत लिहिलाय, मुंग्यांच्या रांगेत मध्येच एक अक्षर. पुढं तीच सवय पडली. त्यांच्या वहीत ‘मी’ नेहमी देवनागरीत.

नोकरीच्या पाट्या भराभर सांगून टाकतो, त्यात रस कमी आहे. भूसंपादन, पुरवठा, रोजगार हमी, पुनर्वसन, निवासी उपजिल्हाधिकारी, अपर जिल्हाधिकारी, आणि शेवटी भाप्रसे, म्हणजे आयएएस. राज्य सेवेतल्या माणसाला आयएएसमध्ये जायची वाट असते, राज्याच्या केडरमधल्या साधारण एक तृतीयांश जागा तशा बढतीनं भरतात. पण त्यासाठी मागच्या काही वर्षांचे गोपनीय अहवाल स्वच्छ लागतात, आणि वाट पाहून केस पांढरे होतात. वर गेल्यावरही ‘प्रमोटी’ हा शिक्का असतोच. मीटिंगमध्ये समोर पंधरा वर्षांनी लहान पोरगा बसलेला असतो, पण त्याचं बॅचचं वर्ष आधीचं, म्हणून तो सीनियर. ह्यावर साहेब कधी बोलले नाहीत. मीच बोलतोय.

दुसऱ्यांदा त्यांच्याकडे गेलो ते नव्वदच्या दशकाच्या शेवटाला, एका धरणाच्या पुनर्वसनाच्या कामात. कुठलं धरण ते असू द्या. गाव उठवलं की नव्या गावठाणात अठरा नागरी सुविधा द्याव्या लागतात: रस्ते, विहीर, शाळा, समाजमंदिर, गटारं, स्मशानशेड अशी यादी असते. त्या पूर्ण झाल्याचा अहवाल वर गेला की पुढचं सगळं सुटतं. खालून मसुदा आला होता, मी टाईप करूनही ठेवला होता: ‘१८ नागरी सुविधा पूर्ण करण्यात आल्या आहेत.’ फक्त सही राहिली होती.

साहेब म्हणाले, चला, बघून येऊ. मे महिना. नागपूरचा मे ज्यानं पाहिलाय त्याला जास्त सांगायला नको. गावठाणात पोचलो तेव्हा एका घराच्या सावलीत चार म्हातारे बसले होते. त्यातला एक उठला, बाज झटकली, साहेबांना बसायला दिली. मग विहिरीकडे हात करून म्हणाला, ‘सायेब, ह्या इहिरीले पानी असतं तं तुमाले चहा पाजला असता आमी.’

तक्रार नव्हती त्यात. खरोखरच पाहुण्याला चहा पाजता येत नाही ह्याची त्याला लाज वाटत होती. साहेब त्या बाजेवर दोन मिनिटं बसले. मग उठून हातात यादी घेऊन एकेक सुविधा बघत सगळं गावठाण फिरले. शाळेच्या खोलीला दार होतं, आत फरशी नव्हती. हातपंप दाबून पाहिला तर हवा आली.

परत येताना गाडीतच म्हणाले, ‘घ्या, बाबू. मी १८ पैकी ११ सुविधा पाहिल्या. ३ कागदावर पाहिल्या. ४ मला दिसल्या नाहीत.’

तो अहवाल तसाच गेला. मग काय व्हायचं ते झालं. खुलासा मागवला गेला. ‘दिसल्या नाहीत’ हा शासकीय शब्दप्रयोग नाही, असं तोंडी कळवण्यात आलं. (पाहा, मीही ‘कळवण्यात आलं’ लिहिलं. कुणी कळवलं ते मला माहीत आहे.) बदल्यांचा कायदा २००५ चा. तीन वर्षं एका जागी ठेवावं वगैरे तेव्हा कुणाच्या गावी नव्हतं. दीड वर्षातच त्यांची उचलबांगडी झाली. त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात ‘ब’ आला, आणि त्या एका अक्षरानं बढतीची यादी चार वर्षं त्यांच्या अंगावरून जात राहिली. जाताना मला म्हणाले, ‘तुमचं टायपिंग वाया गेलं, बाबू.’

विहीर मात्र पुढल्या उन्हाळ्याच्या आत खोल केली गेली. हे मला तिथल्या पटवाऱ्याकडून कळलं. साहेबांना कुणी कळवलं का, माहीत नाही. मी कळवायला हवं होतं. त्या वेळी सुचलं नाही.

ह्या शहराला साहेबांची कमतरता कधीच नव्हती. मध्य प्रांताची राजधानी इथं होती, मग १९५६ च्या १ नोव्हेंबरला ती गेली आणि सिव्हिल लाइन्समधले बंगले राहिले. आयकर खात्याचे नवे अधिकारी आजही छिंदवाडा रोडवरच्या प्रबोधिनीत घडतात. चिंतामणराव देशमुख आयसीएसला १९१८ मध्ये पहिले आले आणि त्यांनी नोकरीची सुरुवात केली ती ह्याच मध्य प्रांत-वऱ्हाडात. पुढं रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री. साहेब डबा खाताना त्यांचा विषय हमखास काढायचे, पण गव्हर्नरपदाचा नाही. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, तेवढ्याचाच. एकदा म्हणाले, ‘सरकारी कागदात राजीनामा हा एकच असा आहे जो करण्यात येत नाही. तो द्यावाच लागतो. मी राजीनामा देत आहे.’ मग पोळीचा तुकडा मोडला. ‘आपल्याला तेवढं परवडत नाही म्हणून आपण अहवालात मी लिहायचं.’

मला तेव्हा ते फार मोठं वाटलं होतं. आज वाटतं, त्यात थोडा अहंकारही होता. ‘मी’ लिहिणाऱ्या माणसाला हळूहळू आपल्याशिवाय कुणालाच काही दिसत नाही असं वाटायला लागतं. शेवटच्या वर्षांत ते हाताखालच्यांचे मसुदे न वाचताच फाडायचे. एका चांगल्या अव्वल कारकुनानं त्यांच्यामुळे मुदतीआधी नोकरी सोडली. ते मी विसरलेलो नाही.

तिसरी आणि शेवटची वेळ विभागीय पातळीवरची. आता ते आयएएस होते, गाडीवर दिवा होता, आणि डिसेंबर आला की आमचा जीव नकोसा व्हायचा. १९५३ च्या नागपूर करारानं वर्षातून एक अधिवेशन आमच्या पदरात टाकलं, आणि १९६० पासून ते भरतंय. बाहेरच्या माणसाला अधिवेशन म्हणजे विधानभवन, मोर्चे आणि हुरडा पार्ट्या. आमच्यासाठी अधिवेशन म्हणजे आमदारांचे तारांकित प्रश्न. मुंबईहून ट्रंका भरभरून कागद येतात, इथल्या हैदराबाद हाऊसमध्ये दिवे रात्रभर जळतात, आणि रात्री दीड वाजता फोन येतो की सकाळी दहाच्या आत माहिती द्या. एक चहावाला तेव्हा महिन्याभरात वर्षाची कमाई करायचा. पहाटे चारला त्याच्याकडे तर्री-पोहे मिळायचे, आणि ती तर्री अशी की झोपलेला अवर सचिव उठून बसावा.

त्याच रस्त्यांवर एक तारीख कायमची उमटलेली आहे. २३ नोव्हेंबर १९९४. गोवारी समाजाचा मोर्चा होता, ११४ माणसं गेली, त्यात बायका आणि मुलं किती. स्मारक झिरो माइलजवळ आहे. त्या दिवशी आम्ही दोघंही नागपुरात नव्हतो. पण पुढे कधी मोर्चाच्या बंदोबस्ताचा कागद निघाला की साहेब हमखास थांबायचे. ‘चेंगराचेंगरी झाली,’ ते म्हणायचे. ‘बघा, बाबू, किती सोयीचं क्रियापद आहे. झाली.’

आणि तरीही.

एका वर्षीच्या अधिवेशनात एका नायब तहसीलदाराच्या निलंबनाची घोषणा सभागृहात झाली. प्रकरण वर्तमानपत्रात गाजलं होतं, कुणावर तरी काही तरी होणं भाग होतं. एकदा सभागृहात शब्द उच्चारला की तो आदेश व्हावाच लागतो, तेही संध्याकाळच्या आत. त्या माणसाची चूक नव्हती. फाईल मी वाचली होती, साहेबांनीही वाचली होती. चूक दोन पायऱ्या वरची होती. संध्याकाळी सहाला साहेबांनी बोलावलं. दार लावायला सांगितलं. मी वही उघडली आणि देवनागरी ‘मी’साठी पेन तयार ठेवलं.

ते बराच वेळ बोललेच नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येत होता. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, ‘घ्या, बाबू. सदर प्रकरणी प्रथमदर्शनी आढळून आलेल्या बाबी विचारात घेता संबंधितास निलंबित करण्यात यावे.’

एका झटक्यात घेतलं मी ते. हात उचलावा लागला नाही.

टाईप करून नेलं. त्यांनी मसुद्यावर सही केली, आणि नेहमी करायचे तसं पेनला टोपण लावलं नाही. उघडंच ठेवलं. मी निघालो तेव्हा म्हणाले, ‘गाडीला सांगा, मी चालत जातो.’ डिसेंबरची थंडी, सिव्हिल लाइन्सची झाडं, आणि एक उंच माणूस मफलर न घेता चालत चाललाय, हे मी वरच्या खिडकीतून पाहिलं. तो नायब तहसीलदार चौदा महिन्यांनी कामावर परत आला. त्या चौदा महिन्यांतल्या निर्वाह भत्त्यावर त्यानं मुलीचं इंजिनीअरिंग कसं चालवलं, ते तोच जाणे. साहेबांनी चौकशी लवकर संपावी म्हणून तीन स्मरणपत्रं पाठवली. तिन्ही ‘मी’नं सुरू होणारी. पण ती नंतरची.

२०१७ मध्ये ते निवृत्त झाले. भाषणं झाली, ‘लोकाभिमुख’, ‘पारदर्शक’ सगळे शब्द येऊन गेले. त्यांनी उत्तरादाखल तीन मिनिटं घेतली, ती मी सवयीनं मागच्या रांगेत बसून घेतली. शेवटची वही ती. त्यात ‘मी’ एकदाच आहे: ‘मी दमलो आहे.’ लोकांना तो विनोद वाटला, टाळ्या पडल्या.

नंतर अधूनमधून भेट व्हायची, कधी फुटाळा तलावावर, कधी कुणाच्या लग्नात. मागच्या नोव्हेंबरात भेटले ते बँकेत. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. रांगेत माझ्या पुढं सहा माणसं सोडून ते उभे होते, हातात काठी. मला पाहिल्यावर आपला नंबर सोडून मागं येऊन उभे राहिले. गुडघ्यांची चौकशी झाली, नातवंडांची झाली. मी त्यांना पिशवीतल्या वह्यांचं सांगितलं. ते हसले. त्या संध्याकाळची वही त्यात आहे हे मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही, पण ‘सगळ्या आहेत?’ एवढंच म्हणाले, आणि मी ‘हो’ म्हटलं.

काउंटरवर पोरगी होती, चोवीस-पंचवीसची. तिनं कागद पुढं सरकवला. साहेबांनी चष्मा लावून तो नीट वाचला. मागं वळून मला दाखवला. ‘हयात असल्याचे प्रमाणित करण्यात येते,’ असं छापलेलं होतं. ‘बाबू,’ ते हळूच म्हणाले, ‘कर्ता?’

मग खिशातून पेन काढून सही केली. पोरीनं कागद उलटा करून पाहिला आणि परत दिला.

‘काका, हिरवी नाही चालत. निळ्यानं करा.’

ते क्षणभर पेनाकडे पाहत राहिले. मी माझं पुढं केलं.